आमच्या माघारी याचे काय?

गेल्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी जोरात चालू असताना, एका नातेवाइकाच्या घरच्या कार्यानिमित्त बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात तलवाडा येथे जाण्याचा योग आला. दुपारच्या जेवणानंतर शेजारच्या एका घरी बसायला गेलो. दारात वीस-पंचवीस जोडे अस्ताव्यस्त पडले होते आणि घरातला तेवीस वर्षांचा मुलगा एकेक जोड उचलून भिंतीलगत ओळीने मांडत होता. नवा पाहुणा आला की तो पुन्हा वाकून ओळ नीट करी. हाक मारली तरी वर पाहत नव्हता. एका पाहुण्याने हसत हसत त्याला 'येडा' म्हटले. त्याच्या आईने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

निघताना त्या माउलीने मला थांबवले. म्हणाली, "भाईजान, अल्लाहने जे दिले त्याबद्दल माझी तक्रार नाही. लहानपणी सगळे म्हणायचे, मोठा होईल तसा सुधारेल. आता तो मोठा झाला. मी आणि याचे अब्बा थकत चाललो. धाकटा पुण्याला कामाला आहे, मुलगी सासरी नांदते. लोक सांगतात, याच्या वाट्याची जमीन आताच धाकट्याच्या नावे करून टाका, याला काय कळते! आमच्या माघारी याचे काय होईल?"

मी म्हणालो, "आपा, अल्लाह आहे." उत्तर खरेच होते. परंतु परतीच्या वाटेवर मनाला एक गोष्ट टोचत राहिली. ते खरे वाक्य मी संभाषण संपवण्यासाठी वापरले होते. अल्लाहचे नाव घेऊन मी माझ्या वाट्याची जबाबदारी झटकली होती. त्या भगिनीला जे उत्तर द्यायला हवे होते, ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मूल मोठे होते, याचा विसर

त्या मुलाला सहाव्या वर्षी शहरातील डॉक्टरांनी स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे सांगितले होते. मेंदूच्या वाढीतील हे जन्मजात वेगळेपण आहे. अशा व्यक्तीला इतरांशी संवाद साधणे, चेहऱ्यावरचे भाव ओळखणे कठीण जाते. एकच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, ठरलेला क्रम बदलला तर जीव कासावीस होतो. कोणाला आवाज सहन होत नाही, कोणाला स्पर्श. काही जण आयुष्यभर बोलत नाहीत, तर काही जण उच्च शिक्षण घेतात. ही कोणा जिन्नाची बाधा नव्हे आणि आईच्या एखाद्या चुकीची शिक्षाही नव्हे. एके काळी पाश्चात्त्य देशांतील विद्वानसुद्धा आईच्या थंडपणामुळे मूल असे होते असे मानत. पुढे ते मत खोटे ठरले, पण तोवर हजारो माता स्वतःला अपराधी समजत जगल्या. आपल्याकडेही सून घरात आली की बोट तिच्याकडेच वळते. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनचे वारंवार सांगितलेले तत्त्व अशा वेळी कोणाला आठवत नाही.

या विषयावर जे काही बोलले जाते ते बहुधा लहान मुलांबद्दल असते. स्वमग्न मूल, विशेष शाळा, उपचार. पण ते मूल अठरा वर्षांचे होते, तीस वर्षांचे होते, पन्नाशी गाठते. शाळा संपते तेथे समाजाची काळजीही संपते आणि उरतात ते दोन वृद्ध आईबाप. म्हणून त्या आईचा प्रश्न एका घरापुरता नाही.

अकरा मुलांचा वृत्तांत

1943 मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आठ मुलगे आणि तीन मुली. स्वमग्नतेचे हे पहिले प्रसिद्ध वर्णन समजले जाते. अठ्ठावीस वर्षांनी, 1971 मध्ये, कॅनर यांनी त्या अकरा जणांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. काहींचा ठावठिकाणा लागला नाही. जी मुले मोठ्या सरकारी संस्थांत ठेवली गेली होती, ती लहानपणी अंगी असलेले गुणही गमावून बसली होती. तेथे भरती होणे म्हणजे जन्मठेप होय, अशा आशयाचा कटू निष्कर्ष कॅनर यांना काढावा लागला. मात्र दोघे जण नोकरी करत होते. त्यांपैकी एक होते डोनाल्ड ट्रिपलेट.

डोनाल्ड यांचा जन्म 1933 चा, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावातला. चौथे वर्ष पूर्ण होण्याआधीच त्यांना एका संस्थेत ठेवले गेले. तेथे मूल कोमेजत चालले आहे हे पाहून आईबापांनी सुमारे वर्षभराने त्यांना घरी आणले. नऊ वर्षांचे असताना त्यांना गावापासून दहा मैलांवरील एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवण्यात आले. हे जोडपे मानसशास्त्र शिकलेले नव्हते. डोनाल्ड यांना मोजण्याचे वेड होते. शेतकऱ्याने ते वेड मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही. त्याने मुलाला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला सांगितले. मुलगा मक्याच्या ओळी मोजत बसे, तेव्हा त्याच ओळी नांगरता नांगरता मोजायला शिकवले. पुढे कॅनर स्वतः त्या शेतावर गेले, तेव्हा मुलगा घोडा आणि नांगर सफाईने हाकत होता.

डोनाल्ड पुढे शाळेत गेले आणि 1958 मध्ये पदवीधर झाले. गावातल्या बँकेत त्यांनी नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळले, अनेक देश पाहिले आणि 2023 मध्ये वयाच्या 89 व्या वर्षी आपल्या गावीच जगाचा निरोप घेतला. त्यांचे वागणे शेवटपर्यंत इतरांपेक्षा वेगळेच राहिले. पण गावाने त्यांना आपला माणूस मानले आणि त्यांना कोणी त्रास देणार नाही याची काळजी घेतली.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. डोनाल्ड यांचे घराणे श्रीमंत होते. बँक त्यांच्या आजोळच्या घराण्याची होती आणि त्यांच्या नावे विश्वस्त निधी ठेवला होता. शिवाय त्यांना लहानपणापासून वाचा होती, बुद्धी तल्लख होती. प्रत्येक घरात हे नसते. म्हणून त्याच अकरांतील आणखी एकाची आठवण ठेवावी. 1943 च्या नोंदीत हर्बर्ट नावाचा मुलगा न बोलणारा म्हणून नमूद आहे. तोही एका शेतकरी जोडप्याकडे राहिला आणि शेतकऱ्याच्या मागे मागे फिरून कामे शिकला. शेतकरी वारल्यावर त्याच्या विधवेने वृद्धांसाठी शुश्रूषागृह काढले, तेव्हा हर्बर्ट तेथे मदतनीस झाला. पदवी नाही, बँक नाही. पण दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे दोन हात आणि त्याला ओळखणारी एक स्त्री त्याच्यापाशी होती.

मोजपट्टी कोणती?

आज अशा मुलांच्या प्रौढ जीवनाचा अभ्यास करणारे संशोधक काही ठरावीक गोष्टी पाहतात. नोकरी आहे का, स्वतंत्र राहता येते का, मित्र आहेत का. इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया हाउलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 68 स्वमग्न प्रौढांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी सुमारे 22 टक्के लोकांची स्थिती चांगली किंवा फार चांगली आढळली, तर 58 टक्के लोकांची वाईट किंवा फार वाईट. बहुतेक जण आपल्या कुटुंबावर किंवा इतरांच्या आधारावर अवलंबून होते.

अशा अभ्यासाचे महत्त्व नाकारता येत नाही. कोणती मदत कोठे कमी पडते हे त्यातूनच कळते. परंतु श्रद्धावंताने एक प्रश्न विचारला पाहिजे. दुसऱ्यावर अवलंबून असणे म्हणजेच जीवन वाया जाणे होय काय?

सूरह अर-रूममध्ये (आयत 54) अल्लाहने मानवी आयुष्याचे चित्र रेखाटले आहे. त्याने माणसाला दुर्बलतेतून निर्माण केले, दुर्बलतेनंतर बळ दिले आणि बळानंतर पुन्हा दुर्बलता व वार्धक्य दिले. म्हणजे स्वावलंबन हा आयुष्याच्या मधला एक लहानसा टप्पा आहे. आधी आईच्या कुशीत आणि शेवटी मुलाच्या खांद्यावर, आपण सगळेच परावलंबी असतो. शेवटचे स्नानसुद्धा आपल्याला कोणीतरी दुसराच घालतो. मग ज्याच्या वाट्याला हा मधला टप्पा आलाच नाही, त्याच्या जीवनाला अपयशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

याच विचाराचा दुरुपयोगही होतो. सारे अल्लाहच्या मर्जीने घडते असे म्हणून मुलाला घराच्या कोपऱ्यात बसवून ठेवले जाते. शाळा नाही, उपचार नाही, गावात कोणाच्या दृष्टीस पडू द्यायचे नाही, आणि त्याला सब्र असे नाव दिले जाते. हा सब्र नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. आजारावर उपचार करण्याची शिकवणही त्यांचीच आहे. दुआ जरूर करावी, परंतु ताईत-गंड्यांवर हजारो रुपये खर्च करून मुलाला बोलायला शिकवण्याची वर्षे हातची घालवणे, हा त्या मुलावर अन्याय आहे.

लेखणी कोणावरून उचलली गेली?

एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा की तिघांवरून लेखणी उचलली गेली आहे. झोपलेल्यावरून तो जागा होईपर्यंत, बालकावरून ते वयात येईपर्यंत आणि ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही त्याच्यावरून ती ठिकाणावर येईपर्यंत. अशांच्या कृत्यांचा हिशेब मांडला जात नाही. अनेक आईबापांना या हदीसने मोठा आधार दिला आहे.

परंतु या हदीसचा आधार घेऊन आपण दोन चुका करतो. पहिली चूक म्हणजे प्रत्येक स्वमग्न व्यक्तीला सरसकट या यादीत टाकणे. ज्याला चांगले-वाईट कळते, जो नमाज शिकू शकतो, तो अल्लाहसमोर इतरांसारखाच जबाबदार आणि इतरांसारखाच सन्मानाचा धनी आहे. त्याला आयुष्यभर बालक समजणे म्हणजे त्याचा हक्क मारणे होय. आपल्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, याबाबत फार बारकाईने विचार केला होता. ज्याची बुद्धी पूर्ण झाकोळली आहे तो मजनून, ज्याची समज अपुरी आहे तो मअतूह, ज्याला व्यवहार सांभाळता येत नाही तो सफीह, असे भेद त्यांनी केले आणि प्रत्येकासाठी वेगळे हुकूम सांगितले. ज्याची बुद्धी अधूनमधून हरपते, त्याने शुद्धीत असताना केलेला व्यवहार त्यांनी वैध मानला. नावाची पाटी न पाहता ते माणसाची प्रत्यक्ष क्षमता पाहत होते.

मदीनेतील एक प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीनुसार एक सहाबी व्यापार करत, पण त्यांची समज कमकुवत होती आणि लोक त्यांना फसवत. बहुतेक विद्वान त्यांचे नाव हिब्बान बिन मुन्किज (रजि.) असे सांगतात. डोक्याला झालेल्या जखमेमुळे त्यांची ही अवस्था झाली होती. त्यांच्या घरच्यांनी प्रेषितांकडे येऊन त्यांना व्यवहाराची बंदी करावी अशी विनंती केली. प्रेषितांनी त्यांना बोलावून समजावले. ते म्हणाले, मला व्यापाराशिवाय राहवत नाही. तेव्हा प्रेषितांनी त्यांना बाजारातून हाकलले नाही. सौदा करताना समोरच्याला बजावत जा की यात फसवणूक चालणार नाही, असे त्यांना शिकवले आणि काही रिवायतींनुसार वस्तू परत करण्यासाठी तीन दिवसांची मुदतही दिली. म्हणजे बाजाराने त्यांच्यासाठी आपला नियम थोडा वाकवला. संरक्षणही मिळाले आणि सन्मानही राहिला. त्या अमेरिकी शेतकऱ्याने केलेल्या कामाची दिशा यापेक्षा फार वेगळी नव्हती.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. लेखणी त्या मुलावरून उचलली गेली असेल, पण त्याच्या आईबापांवरून, भावाबहिणींवरून, शेजाऱ्यांवरून, मोहल्ल्यावरून ती उचललेली नाही. तो कसा जगला, या पानावर त्याच्या नावे काही लिहिले जात नसेल, तर तेथे आपली नावे लिहिली जात आहेत. 'असे मूल मोठे होऊन कसे निघाले' हा प्रश्न आपण मुलाच्या निकालासारखा विचारतो. कॅनर यांच्या अकरा मुलांकडे पाहिले तर तो निकाल बऱ्याच अंशी त्यांच्या भोवतालच्या माणसांचा होता.

येथे एखादा संवेदनशील वाचक विचारील, की मग हे मूल केवळ आपली परीक्षा घेण्यासाठी जन्माला आले काय? एका माणसाचे दुःख हे दुसऱ्याच्या पुण्याचे साधन, हे न्यायाचे आहे काय? हा आक्षेप मनात येणे चुकीचे नाही. उत्तर असे की तो मुलगा सर्वप्रथम अल्लाहचा बंदा आहे, आपल्या परीक्षेची प्रश्नपत्रिका नव्हे. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत 44) म्हटले आहे की सृष्टीतील प्रत्येक वस्तू आपल्या पालनकर्त्याचे स्तवन करते, पण तुम्हाला ते स्तवन समजत नाही. ज्याचे मौन आपल्याला कळत नाही, त्याचे आपल्या निर्मात्याशी काय नाते आहे, हे आपण कसे सांगणार? त्याच्या असण्याचा अर्थ अल्लाहला ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक आहे ते आपले कर्तव्य.

त्याचा वाटा ही अमानत

आता जमिनीचा प्रश्न. इस्लामी वारसा कायद्यात मुलगा स्वमग्न आहे, बोलत नाही किंवा त्याला व्यवहार कळत नाही, म्हणून त्याचा वाटा एका पैशानेही कमी होत नाही. मुलीच्या वाट्याचेही तसेच आहे. 'त्याला काय कळते' हे कारण वाटा बुडवण्यासाठी नाही, तो अधिक जपण्यासाठी आहे.

सूरह अन-निसाच्या आयत 5 मध्ये अल्पबुद्धीच्या लोकांच्या हाती संपत्ती सोपवू नका, परंतु तिच्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडेलत्ते द्या आणि त्यांच्याशी चांगल्या शब्दांत बोला, असा आदेश आहे. भाष्यकारांनी येथे एक सूक्ष्म मुद्दा सांगितला आहे. मूळ शब्दरचना अशी आहे की खर्च मुद्दलातून न करता ती संपत्ती कामाला लावून तिच्या उत्पन्नातून करावा. म्हणजे जमीन विकून खाऊ नये, कसून खावी. आणि पोटापाण्याच्या व्यवस्थेबरोबरच चांगले बोलण्याचा हुकूम आहे. दोन वेळचे जेवण देऊन वर 'येडा' म्हणणाऱ्याने या आयतीचा अर्धाच भाग पाळला.

त्याच सूरहची आयत 9 त्या आईच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाते. आपल्या मागे दुर्बल मुले राहिली असती तर आपल्याला त्यांची किती चिंता वाटली असती, याचा विचार करून लोकांनी अल्लाहचे भय बाळगावे आणि सरळ, न्यायाचे बोलावे, असा तिचा आशय आहे. त्या आईला जो सल्ला देणारे होते, त्यांनी आपल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून तोच सल्ला दिला असता काय?

व्यवहाराच्या दृष्टीने काही गोष्टी आईबापांनी हयातीतच कराव्यात. वारसासाठी मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीशिवाय लागू होत नाही, परंतु हयातीत देणगी देता येते. मुलांमध्ये देणगीबाबत समानता ठेवावी ही प्रेषितांची शिकवण आहे. तरीही अंधत्व, दीर्घ आजार अशा खऱ्या गरजेपोटी एखाद्याला अधिक देण्यास इमाम इब्ने कुदामा यांच्यासारख्या विद्वानांनी अनुमती दिली आहे. आपल्या भरवशाच्या आलिमांचा आणि वकिलाचा सल्ला घेऊन, सर्व भावंडांना समोर बसवून, हे ठरवावे. सूरह अल-बकराच्या आयत 282 मध्ये ज्याला स्वतः लिहून देता येत नाही त्याच्या वतीने त्याच्या वालीने न्यायाने लिहून द्यावे, असे सांगितले आहे. देशाच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार स्वमग्न व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर, आवश्यक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेली स्थानिक समिती तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेतले, तर निरामय आरोग्य विमा आणि तहसीलमार्फत मिळणारे संजय गांधी निराधार अनुदान यांचे दार उघडते. ही कागदपत्रे करून ठेवणे म्हणजेच आपला उंट बांधणे होय.

विवाह हे औषध नव्हे

एका चुकीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. 'लग्न करून दिले की सुधारेल' या समजुतीने अनेक घरांत मुलाची अवस्था लपवून निकाह लावला जातो. आई थकली, म्हणून तिच्या जागी एक परकी मुलगी आणून ठेवण्याचा हा प्रकार आहे. निकाह हा करार आहे आणि वस्तूतील दोष लपवून विकणे जेथे निषिद्ध आहे, तेथे माणसाबाबतची लपवाछपवी कशी क्षम्य ठरेल? ज्या स्वमग्न स्त्री-पुरुषांना विवाहाची समज आहे, त्यांनी उघडपणे सर्व सांगून विवाह करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु फसवणुकीने आणलेली सून हे कोणाच्याही भविष्याचे उत्तर नाही.

बहिणीबाबतही विचार करावा. बहुतेक घरांत गृहीत धरलेले असते की बहीण पाहील. तिच्या सासरच्यांशी कोणी बोलत नाही, तिच्या नावे खर्चाची तरतूद कोणी करत नाही. काळजी घेणे पुण्याचे काम आहे, पण ते एकाच्याच गळ्यात मारणे न्यायाचे नाही.

मोहल्ल्याने काय करावे?

मुंबईजवळ डोंबिवलीच्या खोणी येथे 'घरकुल' आणि बदलापूर येथे 'आधार' अशा संस्था मतिमंद मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभारल्या. आमच्या माघारी काय, हाच प्रश्न त्यांच्याही मुळाशी होता. त्यांच्या धर्माचा आणि आपल्या धर्माचा येथे भेद नाही. चांगले काम कोणाकडूनही शिकावे. परंतु बीडमधील शेतमजुराला मुंबई दूर आहे. शिवाय या जिल्ह्यातील लाखो हात दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. असे मूल घरात असेल तर आईने जावे की थांबावे, हा त्या घरासाठी भाकरीचा प्रश्न असतो.

म्हणून सुरुवात मोहल्ल्यातूनच झाली पाहिजे. उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्या काळात (705 ते 715) प्रत्येक अपंगाला सेवक आणि प्रत्येक अंधाला वाटाड्या दिल्याची नोंद इतिहासकार तबरी यांनी केली आहे. एवढे राज्य आपल्यापाशी नाही, पण जकात आहे, सदका आहे, बैतुलमाल समित्या आहेत. पात्र कुटुंबाला त्यातून नियमित साहाय्य देता येईल. आईला दिवसातून दोन तास विसावा मिळावा म्हणून शेजारच्या घराने मुलाला आपल्याकडे बसवून घेता येईल. एखाद्या दुकानदाराला त्याच्या कुवतीचे काम देता येईल.

आणि मशिदीचे दार. त्या मुलाला मशिदीत येण्याची मनाई कोणी केली नव्हती. परंतु एकदा नमाजमध्ये तो मोठ्याने बोलला, लोकांच्या नजरा त्याच्या वडिलांनी पाहिल्या आणि पुढच्या जुम्यापासून त्याला घरीच ठेवले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) नमाजमध्ये बाळाचे रडणे ऐकले की आईची घालमेल होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत. मशिदीत लघवी करणाऱ्या अजाण ग्रामस्थावर लोक धावून गेले, तेव्हा त्यांनी लोकांना थांबवले. मदीनेत एक स्त्री होती, तिच्या मनाची स्थिती ठीक नव्हती. मला तुमच्याशी काम आहे, असे ती प्रेषितांना म्हणाली. त्यांनी तिला सन्मानाने संबोधून सांगितले की तुला हवी ती गल्ली निवड. मग ते तिच्याबरोबर वाटेत एका बाजूला उभे राहिले आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबले. साऱ्या उम्मतीची जबाबदारी ज्यांच्या खांद्यावर होती, त्यांना तिच्यासाठी वेळ होता. आपल्याला मात्र मागे वळून पाहण्याखेरीज दुसरे काही सुचत नाही. तुम्हाला मदत आणि रोजी मिळते ती तुमच्यातील दुर्बलांमुळे, या आशयाची हदीस आपण मिंबरवरून ऐकतो. ते दुर्बल मग सफीत का दिसत नाहीत?

आपा, त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर आता देतो. अल्लाह आहेच. सूरह अल-कहफमध्ये दोन अनाथ मुलांच्या खजिन्यावरची भिंत पडायला आली होती. त्यांचा बाप नेक होता म्हणून अल्लाहने ती सावरली. पण ती सावरण्यासाठी त्याने आपला एक बंदा पाठवला आणि त्या बंद्याने कोणतीही मजुरी न घेता हाताने भिंत उभी केली. तुमच्या माघारी तुमच्या मुलाभोवती जी भिंत लागेल, तिचे हात आमचे असले पाहिजेत. त्याचा वाटा त्याच्याच नावे राहू द्या, वाली नेमून ठेवा आणि येत्या जुम्याला त्याला मशिदीत पाठवा. दारात जोडे अस्ताव्यस्त पडलेले असतात. ते नीट मांडणारा कोणी तेथे नाही.

हे अल्लाह, आमच्यातील दुर्बलांना आमच्यापासून सुरक्षित ठेव आणि आम्हाला त्यांच्या कामी येण्याची सद्बुद्धी दे. आमीन.